झाडात वीज धावते, पण म्हणून झाडाला दुखतं का?

‘भाजी चिरताना झाड किंचाळतं. झाडांना मज्जासंस्था असते हे जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलंय. त्यांच्यात आपल्यासारखीच वीज धावते आणि भूल दिली की थांबते. म्हणजे वेदना होतच असणार!’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात खरं-खोटं असं मिसळलंय, की सगळाच झटकून टाकता येत नाही.

वीज धावते, हे खरं. बोसांच्याही आधी, 1873 मध्ये, ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांनी डार्विनच्या सांगण्यावरून व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी झाडाच्या पानात विद्युत्संकेत मोजला होता.

‘आपल्यासारखीच’ हा शब्द मात्र चुकीचा आहे. आपल्या चेतापेशीत संकेत उठतो तो सोडिअमचे आयन, म्हणजे विद्युत्प्रभार असलेले कण, आत घुसल्यामुळे. झाडाची रीत वेगळी. वनस्पतीची पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे आयन सतत बाहेर पंप करते, म्हणून तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने बरीच ऋण राहते. हे पाहायला सगळ्यांत सोयीचं म्हणजे तळ्यात वाढणारं कारा हे शैवाल. त्याची एकच पेशी काही सेंटिमीटर लांब भरते, त्यामुळे तिच्यात वीज मोजणारा बारीक इलेक्ट्रोड सरळ घालता येतो. पेशीला धक्का बसला की आतल्या द्रवात कॅल्शिअम वाढतं. त्यामुळे पेशीपटलातले क्लोराईडचे मार्ग उघडतात, ऋण क्लोराईड भराभर बाहेर पडतं आणि आतली ऋणता ओसरते. मग पोटॅशिअम बाहेर जातं आणि पेशी पुन्हा पूर्वस्थितीला येते. आपल्याकडे धन प्रभार आत येतो, इथे ऋण प्रभार बाहेर जातो. यंत्रावरची रेघ दोन्हीकडे वर उसळते. आपला संकेत मिलिसेकंदांत संपतो, काराला काही सेकंद लागतात. मला तर ही रीत आपल्या मज्जातंतूंइतकीच देखणी वाटते. तिला उसनी वेदना जोडायची गरजच नाही.

कोकणात वाटेवर दिसणारी लाजाळू घ्या. तिच्यात संकेत सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतो. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. संकेत तिथे पोचला की खालच्या अंगाच्या पेशींतून पोटॅशिअम आणि क्लोराईड बाहेर पडतात, मागोमाग पाणी निघतं, पेशी ढिल्या पडतात आणि देठ झुकतो. लाजणं म्हणतो ते हे.

आता बोस. त्यांनी झाडांचे विद्युत् प्रतिसाद कमालीच्या नाजूक यंत्रांनी नोंदवले आणि 1926 च्या ग्रंथाच्या नावातच ‘मज्जायंत्रणा’ अशा अर्थाचे शब्द घातले. पण प्रतिसाद मोजणं म्हणजे वेदना सिद्ध करणं नव्हे. कथलाच्या तारेला पीळ देऊनही त्यांनी विद्युत् प्रतिसाद दाखवला होता. या न्यायाने कथलालाही दुखलं पाहिजे! आपल्या हृदयातही दर ठोक्याला विद्युत्संकेत धावतो. तो कुठे दुखतो? वेदनेला ती अनुभवणारं काही लागतं. झाडात चेतापेशी नाहीत, मेंदू नाही.

भुलेचंही तसंच. ईथर या भुलेच्या औषधाने लाजाळू थांबते, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉड बर्नार्ड यांनी 1878 मध्ये मांडलं. पण त्यांच्याच प्रयोगांत ईथरने यीस्टचं आंबवणंही थांबलं. यीस्टला वेदना होते असं कुणी म्हणत नाही.

किंचाळण्याबद्दल थोडक्यात: 2023 मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी तहानलेल्या आणि खोड कापलेल्या टोमॅटो-तंबाखूच्या झाडांचे आपल्याला ऐकू न येणारे टकटक आवाज नोंदवले. ते बहुधा जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे फुटण्याचे असावेत.

मग दुखत नसेल तर झाडाला हा संकेत हवा कशाला? 2018 मध्ये एका छोट्या मोहरीवर्गीय रोपावर हे कॅमेऱ्यात दिसलं. अळीने पान कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं, त्याने कॅल्शिअमची लाट उठते आणि रसवाहिन्यांतून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने पुढे जाते. अळी अजून पहिल्याच पानावर असते, तोवर लांबच्या पानात बचावाची रसायनं बनू लागलेली असतात.