जनमत काढा, तेही जेवणाच्या सुट्टीआधी

बॉस्नियात जनमत चाचणी घ्यायची आहे? घ्या की. मी पुण्यात बसून परदेशी क्लायंटसाठी अशाच पाहण्यांचे आकडे 'साफ' करतो. अनुभवाचे चार बोल फुकटात घेऊन जा.

आधी नमुना. तिथे 1991 नंतरची जनगणना झाली ती थेट 2013 मध्ये, आणि आकडे यायला 2016 उजाडलं. रेपुब्लिका स्रप्स्का या देशातल्या सर्बबहुल घटकानं ते मानलेच नाहीत. मधल्या युद्धात अर्धा देश घरादारातून उठला, पण तुम्ही मनावर घेऊ नका. यादी ती यादी. जुन्या युगोस्लावियातल्याच मॅसिडोनियात तर 2011 ची जनगणना चालू असतानाच गुंडाळली आणि 2002 चे आकडे 2021 पर्यंत पुरवले. आपल्याला दोन आठवडे पुरवायला काय जातंय?

मुलाखतीला कोणालाही पाठवा. आमीर नावाचा बोस्नियाक, म्हणजे तिथला मुस्लिम, पोरगा सर्बबहुल बान्या लुकात सर्बाच्या दारात उभा राहून 'युद्धाला दोषी कोण?' असं विचारेल आणि समोरचा अगदी पोटातलं सांगेल.

कॉफी दिली तर गुपचूप प्या. सर्बांचं काफा, बोस्नियाकांचं काह्वा की क्रोएटांचं कावा, तोंडातून काय निघालं त्यावरून तुमची जात कळते.

'उत्तर गुप्त राहील' एवढं मात्र सांगाच. एकपक्षीय राजवटीत आयुष्य काढलेली माणसं लगेच विश्वास ठेवतात.

प्रश्नावली बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन अशा तिन्ही भाषांत छापा. तिथल्या सिगारेटच्या पाकिटावर नाही का, 'पुशेन्ये उबिया', म्हणजे धूम्रपान मारतं, हे तीनदा छापतात: दोनदा रोमन लिपीत अक्षरन् अक्षर तेच, तिसऱ्यांदा सिरिलिकमध्ये. मरण एकच, मान तिघांचा.

'सरकारवर विश्वास आहे का?' हे विचारा. कोणतं सरकार ते सांगू नका. युद्ध थांबवणाऱ्या डेटन कराराच्या कृपेनं तिथे देशाचं एक, दोन घटकांची दोन, दहा कॅन्टनांची, म्हणजे प्रांतांची, दहा आणि ब्र्चको जिल्ह्याचं एक अशी चौदा आहेत. राष्ट्राध्यक्ष तीन, दर आठ महिन्यांनी पाळी बदलते. 'थोडाफार विश्वास' असं उत्तर आलं की झाला आलेख.

आता शेवटचं, 'आपण कोण?' चौकटी तीन: बोस्नियाक, सर्ब, क्रोएट. चौथी 'इतर', तीही आपली असावी म्हणून. ज्यू, रोमा, मिश्र लग्नाची पोरं, सगळे त्यात कोंबा. गंमत बघा, बॉस्नियात राहणारा माणूस 'मी बॉस्नियन' असं म्हणाला की तोही 'इतर'! 1991 मध्ये साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला 'युगोस्लाव' लिहवलं होतं. देश गेला, रकाना गेला, माणसं कुठे गेली हो? आणि 'इतर' असाल तर राष्ट्राध्यक्षपदाला उभंच राहता येत नाही. देर्वो सेइदिच आणि याकोब फिन्ची, एक रोमा, एक ज्यू, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, 2009 मध्ये जिंकलेही. राज्यघटनेतलं ते कलम आहे तिथेच आहे.

तर परवा माझ्याकडे एक फाइल आली. हजार माणसं, त्यात 27 'इतर'. 'इतर' च्या पुढे कोणीतरी लिहिलं होतं, "आई सर्ब, वडील बोस्नियाक, मी सारायेव्होची." क्लायंटचा मेल: संख्या किरकोळ आहे, या ओळी उडवा. 'सांगायचं नाही' म्हणणाऱ्यांना तिघांत प्रमाणात वाटून टाका. मथळा ठरला आहे, 'समाज तीन गटांत विभागलेला'.

अरे, विभागणार नाही तर काय होईल? चौकटी तुम्ही तीन काढल्या, चौथीतली माणसं तुम्ही हाकलली, गप्प बसलेल्यांना तुम्हीच कुठल्या तरी गोठ्यात बांधलंत, आणि वर तोंड करून सांगता की ही माणसं एकमेकांचा द्वेष करतात! ती बाई स्पष्ट सांगतेय ती कोण आहे. तिला वाटून कुणाला देणार, आईला की वडिलांना? मोजायचं नसेल तर विचारू नका. लोकांच्या दारात जाऊन त्यांचा वेळ खाता कशाला?

मी त्या 27 ओळी उडवलेल्या नाहीत. फाइल तशीच पाठवली आहे. सोमवारी काय मेल येतो बघू.