आंदोलन उत्तम रीतीने कसं बुडवावं

आंदोलन उभारताय? छान. मग पहिल्याच बैठकीत एक ठरवून टाका: नेमकी मागणी करायची नाही. नेमकी मागणी केली की ती मान्य होण्याचा धोका असतो. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी तो ओढवून घेतला. २२ टक्के सारावाढ रद्द करा नाहीतर निष्पक्ष चौकशी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. वल्लभभाई पटेलांनी त्यात स्वराज्यसुद्धा घुसू दिलं नाही. शेवटी चौकशी झाली, वाढ सहा टक्क्यांवर आली. इतकं संकुचित राहू नका. आपल्या निवेदनात विश्वशांतीलाही जागा हवी. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनात न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात तळ ठोकलेल्यांनी ठरावीक मागण्या मांडल्याच नाहीत. दोन महिन्यांत पोलिसांनी तळ उठवला. ‘आम्ही ९९ टक्के’ ही घोषणा तेवढी उरली. घोषणेला जागा लागत नाही.

समोरच्याला झळ तर मुळीच लागू देऊ नका. एका दिवसाचा विराट मोर्चा काढा, तोही सुट्टीच्या दिवशी. १५ फेब्रुवारी २००३, शनिवार: इराक युद्धाविरुद्ध जगभरच्या शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. सोमवारी सगळे कामावर हजर. २० मार्चला युद्ध सुरू झालं.

अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमध्येही गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या असत. तिथल्या कृष्णवर्णीयांना मात्र एवढी सभ्यता जमली नाही. बसचे बहुतेक प्रवासी तेच, आणि १९५५च्या डिसेंबरात त्यांनी बसमध्ये चढणंच सोडलं. एक-दोन दिवस नव्हे, ३८१ दिवस. त्यासाठी रातोरात हजारो पत्रकं काढली, कामावर ने-आण करायला गाड्या जमवल्या, थांबे ठरवले, पेट्रोलसाठी वर्गणी गोळा केली, शिवाय कोर्टात खटला लढवून तो भेदभाव बंद पाडला. असली कंटाळवाणी कामं अंगावर घेऊ नका. त्यांचे फोटोही चांगले येत नाहीत. जिच्या अटकेवरून हे सगळं सुरू झालं त्या रोझा पार्क्सची गोष्ट सांगताना दमलेली शिवणकाम करणारी बाई बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी उठायला अचानक नकार देते, इथवरच सांगा. त्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, बरीच वर्षं, हे कळलं तर लोक ठिणगीची वाट बघायचं सोडून सभासद नोंदणीला लागतील.

एवढं करूनही आंदोलन चाललंच, तर वाटाघाटीत ते नक्की बुडवता येईल. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत संपावर गेलेल्या कामगारांना व्यवस्थापनाने पगारवाढ दिली, संप संपल्याचं जाहीरही झालं. कामगार घरी निघाले होते. तेवढ्यात काही बायका फाटकाशी आडव्या झाल्या: छोट्या कारखान्यांतले संपकरी वाऱ्यावर सोडायचे का? संप पुढे चालला आणि महिनाअखेर सरकारला स्वतंत्र कामगार संघटना मान्य करावी लागली. (मागण्या २१ होत्या खऱ्या, पण पहिली हीच होती.) तेव्हा तुमच्या शिष्टमंडळाला आत बोलावलं की आधी फाटकावर कोणी बाई उभी नाही ना, बघून घ्या. मग आपल्यापुरतं मिळालं ते पदरात पाडून घ्या, फोटो काढा आणि बाहेर थांबलेल्यांना शुभेच्छा द्या.