वेंगुर्ल्यात ‘काहीच नव्हतं’?

‘वेंगुर्ल्यात मासे आणि नारळ सोडून काहीच नव्हतं. रिसॉर्ट आले तेव्हा कुठे गावाने पैसा पाहिला. कोकणात उद्योग रुजतच नाहीत.’ समुद्राच्या व्हिडिओंसोबत हा मजकूर सगळीकडे फिरतोय. यातलं एकही विधान टिकत नाही.

‘काहीच नव्हतं’? सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना इथून रसद मिळे. 1812मध्ये गाव इंग्रजांकडे गेलं आणि पुढे बेळगावच्या छावणीचा माल याच बंदरात उतरून घाट चढू लागला. 1880च्या दशकात गोव्यातल्या मार्मागोवा बंदरातून रेल्वे घाटावर गेली, माल तिकडे वळला आणि बंदराची रया गेली. इथल्या माणसांच्या आळसाचा यात काही संबंध नाही. शिवाय मासेमारी हा उद्योग नाही, हे कुणी ठरवलं?

‘रिसॉर्टनंतर पैसा’ म्हणणारेच वेंगुर्ल्याजवळच्या रेडीच्या द्विभुज गणपतीला जातात. ती मूर्ती 1976मध्ये लोहखनिजाच्या खाणीत सापडली. खाणीवरून वाद आहेत आणि ते रास्तही आहेत. पण खाण नव्हतीच, असं कसं म्हणता?

आणि ‘रुजत नाहीत’ म्हणायचं तर आधी इथला काजूचा कारखाना आतून बघा. बी वाळवायची, वाफवायची, एकेक करून फोडायची, गर सुकवून साल सोलायची, मग प्रतवारी. टरफलातलं तेल लागलं की हाताची कातडी सोलवटते, म्हणून फोडणाऱ्या बायका आधी हाताला राख किंवा साधं तेल चोळतात. दुकानात ‘320’ नंबरचा काजू मागता ना? एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर भरतात, असा तो हिशेब. गर तुटला की तो पाकळीत जातो आणि भाव उतरतो. एवढं नाजूक काम शिकलेल्या हातांना ‘उद्योग रुजत नाहीत’ म्हणणं मला सहन होत नाही. इथल्याच फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा काजूच्या जाती दिल्या. त्यांची कलमं आज कोकणभर लागलेली आहेत.

पर्यटन जरूर वाढावं. पण जून लागला, समुद्र खवळला की किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक आटतं. काजू बी मात्र उन्हाळ्यात वाळवून साठवलेली असते आणि भर पावसातही ती फोडायचं काम चालू राहतं.