क्यू-स्कूलची फी भरून टूर कार्ड मिळत नाही

‘गोल्फमध्ये करिअर : पालकांनी जरूर वाचा’ या मथळ्याचा एक मजकूर काही दिवसांपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. परवा तो ताईने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘खरं आहे का रे हे? आमच्याकडे एफडी मोडायच्या गोष्टी चालल्यात.’ तिचा धाकटा चौदा वर्षांचा आहे, चांगला खेळतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ज्या घरांत हा मजकूर पोचलाय तिथे तो पैसे भरण्याआधी वाचला जावा, एवढीच इच्छा आहे.

मजकुरातले दावे थोडक्यात असे : क्यू-स्कूल ही अमेरिकेतली गोल्फची शाळा आहे, फी भरून तिथला कोर्स पूर्ण केला की पीजीए टूरचं, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत खेळण्याचं, कार्ड मिळतं. हे कार्ड आयुष्यभर चालतं. टूर खेळाडूला पगार देते. वर्षअखेरीला पहिल्या १२५ मध्ये नाव असलं की काळजी नाही. ओळख असेल तर प्रायोजक थेट स्पर्धेत घेतात. दुखापत झाली की खेळ खलास. आणि शेवटी, आजवर एकाही भारतीयाला हे जमलेलं नाही.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण पैसे त्याच्यावरच मागितले जातात. क्यू-स्कूल म्हणजे क्वालिफाइंग स्कूल. नावात स्कूल असलं तरी तिथे वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्रही नाही. १९६५ पासून चालत आलेली ती एक पात्रता स्पर्धा आहे. फी भरावी लागते हे खरं, पण ती परीक्षेची फी. नापास झालात तर परत मिळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरावी लागते.

टप्पे चार. ज्याच्याकडे कुठलंच मानांकन नाही तो अगदी खालून, प्री-क्वालिफाइंगपासून सुरू करतो : ५४ होल, दिवसाला १८ प्रमाणे. त्यातून निभावला तर पहिला टप्पा, ७२ होल. मग दुसरा टप्पा, पुन्हा ७२ होल. आणि मग अंतिम टप्पा, आणखी ७२. अंतिम सोडून प्रत्येक टप्पा वेगवेगळ्या मैदानांवर विभागलेला असतो आणि प्रत्येक मैदानावरून ठरावीक जणच वर जातात. इथे पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, किती कमी फटके मारले याला स्वतःचं असं मोल नसतं, त्या आठवड्यात त्या मैदानावर बाकीचे काय खेळले यावर सगळं ठरतं. चारही दिवस पारच्या खाली खेळून माणूस एका फटक्याने घरी जातो. एका टप्प्यातली एक वाईट दुपार पुढच्या टप्प्यात भरून काढता येत नाही, कारण पुढचा टप्पा खेळायलाच मिळत नाही. पुढे जगातल्या अव्वल खेळाडूंत गेलेला अमेरिकेचा जॉर्डन स्पीथसुद्धा २०१२ मध्ये दुसऱ्या टप्प्यातच बाहेर पडला होता.

आणि एवढं करून शेवटी कार्डं किती? पाच. फक्त पाच. २०२३ आणि २०२४ मध्ये पाचव्या क्रमांकावर बरोबरी झाली तर बरोबरीतल्या सर्वांना कार्ड मिळत होतं. २०२५ पासून तेही गेलं, आता बरोबरी झाली की प्लेऑफ, म्हणजे जादा होल, खेळून पाचवा ठरवतात. त्यांच्या मागे राहिलेल्यांना कॉर्न फेरी टूरवर, म्हणजे एक पायरी खालच्या टूरवर, कमी-जास्त जागा मिळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की २०१३ ते २०२२ अशी दहा वर्षं क्यू-स्कूलमधून पीजीए टूरचं कार्ड मिळतच नव्हतं, मिळत होती ती फक्त खालच्या टूरवरची जागा. ‘कोर्स केला की कार्ड’ लिहिणाऱ्याने ही दहा वर्षं कुठे ठेवली?

गोंधळाचं मूळ बहुधा ‘पीजीए’ या तीन अक्षरांत आहे. पीजीए ऑफ अमेरिका ही संस्था क्लबवर गोल्फ शिकवणारे आणि क्लबचा कारभार पाहणारे व्यावसायिक घडवते. तिथे खरोखरच अभ्यासक्रम आणि परीक्षा आहेत. पीजीए टूर १९६८ मध्ये तिच्यातून वेगळी झाली. शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळवणं हा सन्मानाचा व्यवसाय आहे, पण त्या कागदावर कुणाला टूरच्या स्पर्धेत उभं करत नाहीत. कुणी ‘पीजीए कोर्स’साठी पैसे मागत असेल तर एवढंच विचारा : कोणती पीजीए, कोणत्या टूरच्या क्यू-स्कूलचा कोणता टप्पा, आणि तुमच्याकडचे किती जण तो पार करून गेले? उत्तर सरळ आलं नाही तर उठून या.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. घाईने व्यावसायिक झालं की अमेरिकन कॉलेज गोल्फचं दार बंद होतं, आणि आज टूरकडे जाणारा एक चांगला रस्ता तिथूनच निघतो. पीजीए टूर युनिव्हर्सिटी नावाची क्रमवारी आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत जो पहिला येतो त्याला थेट पीजीए टूरचं कार्ड मिळतं, दुसऱ्या ते दहाव्याला कॉर्न फेरी टूरवर जागा. २०२३ मध्ये लुडविग ओबेरी हा स्वीडिश मुलगा असाच पहिला आला आणि थेट टूरवर गेला. या वाटेवर पैसे घेऊन कुणी दिलेल्या हमीपत्राचा काही उपयोग नाही, लागतात ते गुण आणि स्कोअर.

आता ‘पहिले १२५’. हे अनेक वर्षं खरं होतं, ते मान्य करतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये टूरच्या पॉलिसी बोर्डाने ते बदललं आणि मजकूर लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. हा एकच निर्णय नीट वाचला असता तर अर्धा मजकूर लिहिलाच गेला नसता. २०२५ च्या हंगामअखेरीपासून फेडेक्स कपच्या, म्हणजे टूरच्या वर्षभराच्या, गुणतक्त्यात पहिल्या १०० मध्ये असणाऱ्यांचंच पूर्ण कार्ड टिकतं. १०१ ते १२५ ला सशर्त दर्जा मिळतो, म्हणजे वरच्यांनी नावं मागे घेऊन जागा उरली तर खेळायचं. कॉर्न फेरी टूरवरून वर येणाऱ्यांची कार्डं ३० वरून २० झाली. स्पर्धांचा आकारही कमी केला : १५६ खेळाडूंच्या गर्दीत सूर्यास्ताआधी फेरी संपत नव्हती, म्हणून आता दिवस किती मोठा आहे त्याप्रमाणे १४४, १३२ किंवा १२०. सोमवारच्या खुल्या पात्रता फेरीतून १४४ च्या स्पर्धेत चार जण येतात, १३२ च्या स्पर्धेत दोन, आणि १२० च्या स्पर्धेत एकही नाही. खालून वर येणाऱ्यासाठी प्रत्येक दार अरुंद झालंय. अशा वर्षात ‘१२५ मध्ये आला की काळजी नाही’ असं पालकांना सांगणं ही साधी चूक म्हणून सोडून देता येत नाही.

शंभराचा हिशेबही समजून घ्या. साध्या स्पर्धेतल्या विजेत्याला ५०० गुण, निवडक खेळाडूंच्या सिग्नेचर स्पर्धेत ७००, वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, म्हणजे मेजरमध्ये, ७५०. साध्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर कट लागतो. पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे खेळतात, बाकीच्यांना गुणही शून्य आणि बक्षीसही शून्य. हंगामअखेरीच्या प्लेऑफ स्पर्धांसाठी ७० जण जातात, त्यांतून ५० उरतात. या पन्नासांना पुढच्या वर्षीच्या मोठ्या बक्षिसांच्या, कमी गर्दीच्या सिग्नेचर स्पर्धांची दारं उघडी. ५१ पासून खालचे सगळे शरद ऋतूतल्या स्पर्धांमध्ये आपली जागा राखायला झगडतात. त्यात ५१ ते ६० मध्ये शेवट केला तर पुढच्या वर्षीच्या पहिल्या दोन सिग्नेचर स्पर्धा मिळतात. एकदा मागे पडलं की मागेच राहण्याची भीती का असते ते इथे कळतं : जास्त गुण जिथे वाटले जातात तिथे खालच्याला प्रवेशच नाही.

‘कार्ड आयुष्यभराचं’ हा दावाही याच हिशेबात निकालात निघतो. कार्ड म्हणजे टूरच्या प्राधान्य यादीतली एक जागा. स्पर्धेतल्या जागा वरून खाली भरत येतात, आपल्या नावापर्यंत पोचल्या तर खेळायचं. नव्याने आलेल्यांचा आपापसातला क्रमही हंगामात ठरावीक टप्प्यांवर मिळवलेल्या गुणांनुसार पुन्हा लावला जातो, म्हणजे जानेवारीत पुढे असलेला उन्हाळ्यात मागे जाऊ शकतो. स्पर्धा जिंकली तर पुढची दोन वर्षं निर्धास्त, मेजर किंवा टूरची स्वतःची मोठी स्पर्धा प्लेयर्स जिंकली तर पाच वर्षं. आजीव सदस्यत्व आहे, नाही म्हणत नाही. त्यासाठी १५ वर्षं टूरवर असणं आणि २० विजेतेपदं लागतात.

पगाराच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, तेवढं द्यायला हवं. २०२२ मध्ये टूरने पूर्ण दर्जाच्या सदस्यांसाठी किमान पाच लाख डॉलर कमाईची हमी जाहीर केली : किमान १५ स्पर्धा खेळायच्या, बक्षिसाची कमाई त्याहून कमी पडली तर फरक टूर भरून देते. पण ही हमी कार्ड हातात आल्यानंतरची. कार्डापर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांवर विमान, हॉटेल, प्रवेश फी, प्रशिक्षक, सगळं खिशातून. बॅग सांभाळणारा कॅडीही टूर देत नाही, त्याचं आठवड्याचं मानधन खेळाडूच देतो आणि वर बक्षिसातला हिस्सा : रूढीप्रमाणे जिंकलं तर १० टक्के, एरवी ५ ते ७. कट चुकला तरी मानधन द्यावंच लागतं.

प्रायोजकांच्या निमंत्रणाबद्दल फार लिहित नाही. निमंत्रणं असतात, पण सदस्य नसलेल्या खेळाडूला वर्षाला सातच घेता येतात आणि त्यांतून गुण मिळवले नाहीत तर हाती काही उरत नाही. मिळवले तर मात्र मार्ग खुला होतो. २०१३ मध्ये स्पीथकडे कुठलंच कार्ड नव्हतं. त्याने अशाच मोजक्या संधींतून तात्पुरतं विशेष सदस्यत्व मिळवलं आणि जुलैमध्ये जॉन डिअर क्लासिक जिंकली. २०२३ मध्ये भारतीय वंशाच्या अमेरिकन अक्षय भाटियाने हेच केलं, बाराकुडा चॅम्पियनशिप जिंकून.

उरले शेवटचे दोन दावे, दुखापत आणि भारतीय. या दोन्हींना एकच माणूस उत्तर आहे. टूरवर वैद्यकीय मुदतवाढ असते : दुखापतीमुळे जितक्या स्पर्धा हुकल्या त्या हिशेबाने बरं झाल्यावर ठरावीक स्पर्धा मिळतात आणि तेवढ्यांत कार्डाच्या सीमारेषेवरच्या खेळाडूइतके गुण (पूर्वी कमाई) पूर्ण करायचे. कोलकात्याचे अर्जुन अटवाल खांद्यांच्या दुखापतीनंतर २०१० मध्ये अशाच मुदतवाढीवर खेळत होते. कमाई पुरी पडली नाही आणि जुलैमध्ये कार्ड गेलं. ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथे विंडम चॅम्पियनशिप होती. ते सोमवारची पात्रता फेरी खेळून आत आले, पहिल्या दिवशी ६१ फटक्यांत फेरी संपवली आणि शेवटी पारपेक्षा २० कमी करून डेव्हिड टॉम्सला एका फटक्याने मागे टाकून जिंकले. पीजीए टूरवरची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. सोमवारच्या फेरीतून येऊन जिंकण्याची घटना त्याआधी १९८६ मध्ये घडली होती.

पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी दुसऱ्या वाटेने गेले. आशियाई टूर, मग युरोपियन टूर, आणि २०१५ मध्ये आजच्या कॉर्न फेरीच्या, तेव्हाच्या वेब डॉट कॉम टूरच्या अंतिम स्पर्धांमधून पीजीए टूरचं कार्ड. भारतातून निघणाऱ्यासाठी आजही ही वाट आहे : आधी भारतातली व्यावसायिक टूर पीजीटीआय, मग आशियाई टूरची क्यू-स्कूल, तिथून डीपी वर्ल्ड टूर, म्हणजे पूर्वीची युरोपियन टूर. तिथल्या वर्षाच्या गुणतक्त्यात, ज्यांच्याकडे आधीच कार्ड नाही अशांतल्या पहिल्या दहा जणांना पीजीए टूरचं कार्ड मिळतं. ताईच्या मुलाला या वाटेवर यायला अजून बरीच वर्षं आहेत. आज त्याला लागतात त्या ज्युनियर स्पर्धा आणि त्यांतले खरे स्कोअर. त्यासाठी एफडी मोडायची गरज नाही.