सड्यावरच्या लगोऱ्या आणि चपलांचा मासा: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण आधी सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या कातळपठारावर, जाऊन यायचं होतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: आमच्या वाडीतून सड्यावर चढणाऱ्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, कडेने, मे महिन्याच्या सुट्टीत गावी आलेल्या पोरांनी काही गोष्टी मांडून ठेवल्यात. पडक्या गोठ्याची फुटकी मंगलोरी कौलं गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पायथ्याशी गोल गोल रचलीत. काजूच्या झाडाला सुंभाने करवंट्या टांगल्यात, वारा आला की त्या एकमेकींवर वाजतात. वळणावर किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या चपलांचा एक मोठा मासा आहे. आणि वर सड्यावर जांभ्याच्या दगडांच्या लगोऱ्या. संध्याकाळी फिरायला गेले, एकेक दिसत गेलं आणि मी हरखून लिहिलं.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, दगडावर दगड ठेवला की शिल्प होत नाही. सडा आहे तसा बघायला शिका. आपल्याच सड्यांवर हजारो वर्षांची कातळशिल्पं ऊनपाऊस खात पडलीत, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, आणि समुद्राने फेकलेल्या चपलांचं एवढं कौतुक?"

आधी दगडांचं बोलते, कारण तिथे मी चुकले. सड्यावरचा सुटा दगड रिकामा नसतो. त्याच्याखाली विंचू असतो, बेडूक असतो, आणि फुरसं हा विषारी साप असतो. आपल्याकडच्या पोरांना दगड उलटायला लावणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही फुरशाचं लिहिलं नाहीत, पण वाचताना मला तेच आठवलं आणि रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन वर गेले. लगोऱ्यांपासून वीसेक पावलांवर टिटवी ओरडत आमच्या अंगावर यायला लागली. थांबून नीट बघितलं तेव्हा उघड्या कातळावर, खड्यांच्या मध्ये तिची चार अंडी दिसली. रंग असा की पाय पडला असता तरी समजलं नसतं. त्या लेखात मी लोकांना "एकदा वर जाऊन बघाच" असं लिहिलं होतं. ती ओळ काढून टाकलीय.

लगोऱ्या आम्ही लगेच मोडल्या नाहीत. आठवडाभर उभ्या राहिलेल्या दगडांतही कोणी शिरलेलं असू शकतं. काल सकाळी गावातल्या एका जाणत्या गुराख्याला बरोबर घेऊन, काठीने चाचपत, एकेक दगड उतरवला आणि जमेल तसा मूळ खळग्याशी ठेवला. पोरं लांब उभी होती. पाऊस पडल्यावर याच खळग्यांतल्या बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं फुलतात.

आता जिथे माझं तुमच्याशी जमत नाही ते.

"सडा आहे तसा" म्हणजे कसा, काका? तुम्ही ज्यांचा दाखला दिलात ती कातळशिल्पं माणसांनीच केलीत, याच जांभ्यावर. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात किती प्राणी, पक्षी, मासे कोरलेत! काही ठिकाणी गेंडा आणि पाणघोडाही आहे, जे आज कोकणात कुठेच नाहीत. यातली काही शिल्पं दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या माणसाने खाली समुद्रात जे पाहिलं ते वर सड्यावर आणून काढलं. आमच्या पोरांच्या माशात मला तीच ओढ दिसली. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण माणसाचा हात लागला म्हणून सडा बाटला, हे मला पटत नाही.

बाटवणारे हात वेगळे आहेत आणि ते आपण रोज बघतो. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींनी आख्खे सडे खरवडून नेले. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडतात, बाहेरची माती आणून भरतात. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलंय, म्हणजे तिथे काहीच नाही, असं धरून चालतात. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी आणि कशेळी ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. पण त्याआधी सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी कातळशिल्पं शोधणारी माणसं वर्षानुवर्षं गावोगाव विचारत हिंडली तेव्हा ती चित्रं उजेडात आली. बरीचशी मातीखाली गेली होती. काही उघडी होती, त्यांना गावकरी देव मानून हात जोडत होते. आणि माहिती देणाऱ्यांत शाळेतली मुलंही होती. म्हणून मला पोरांचं सड्यावर जाणं मोलाचं वाटतं. मी स्वतः या पाखाडीने लहानपणी करवंदांना जायचे, त्यानंतर वीस वर्षं वर पाऊल टाकलं नव्हतं. त्या करवंट्यांचा आवाज आला म्हणून चढले.

चपलांबद्दल: त्या विकत आणलेल्या नाहीत, आपल्याच किनाऱ्यावर येऊन पडल्या होत्या. पण पावसात त्या पऱ्ह्यातून, म्हणजे ओहोळातून, पुन्हा समुद्रात जातील, हे मात्र खरं. म्हणून मृग लागायच्या आत मासा सोडवून सगळं गोणत्यांत भरायचं ठरलंय. कौलं राहतील, ती मातीचीच आहेत. करवंट्यांचं पोरांनी अजून ठरवलेलं नाही.

कातळशिल्पांवर एक ओळ नव्हती, ही तक्रार मान्य. तुम्ही लिहिलंत की तुमच्या गावच्या सड्यावर एक आकृती आहे आणि लहानपणी आजोबा तिच्यावर पाय देऊ द्यायचे नाहीत. ती आजोबांकडून ऐकलेली गोष्ट मला सविस्तर लिहून पाठवाल का? ठिकाणाचं नाव मी छापणार नाही. मात्र ती कुठे नोंदलेली नसेल तर जाणकारांना दाखवायला हवी, आणि त्या वेळी तुमच्याबरोबर यायला मला आवडेल. पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही मासा सोडवायला पाखाडीच्या खाली जमतोय. जमलं तर या. पायात बूट घाला.