लिटर क्लासचा खर्च: एका प्रतिक्रियेला उत्तर

"दादा, दहा-बारा लाखांची गाडी घेणारा माणूस किलोमीटरमागे दीड रुपया मोजत बसत नाही. तुम्ही निन्जा १००० विकलीत आणि आता ६६०चे गोडवे गाताय, म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. नवीन पोरांना उगाच घाबरवू नका. आणि तुमच्या हिशोबात घसारा कुठे आहे?"

मागच्या लेखात मी लिटर क्लास, म्हणजे हजार सीसीच्या मोटरसायकली, आणि माझी आत्ताची ६६० सीसीची गाडी यांचा किलोमीटरमागचा खर्च तक्त्यात मांडला होता. त्यावरची तुमची ही प्रतिक्रिया. तिच्यातला घसाऱ्याचा प्रश्न, म्हणजे वापरात गाडीची किंमत किती उतरते तो, अगदी बरोबर आहे, त्याकडे येतोच. बाकीच्याला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण असंच म्हणणारी चार माणसं मला दर रविवारी चहाच्या टपरीवर भेटतात.

पेट्रोलचा मुद्दा तुमचा. माझी २०१७ची कावासाकी निन्जा हायवेला सतराच्या आसपास द्यायची, आत्ताची ट्रायम्फ टायगर स्पोर्ट ६६० बावीस देते. लिटरला १०४ रुपये धरले तर किलोमीटरला सहा रुपये दहा पैसे आणि चार रुपये सत्तर पैसे. वर्षाला नऊ हजार किलोमीटर चालवलं तर फरक साडेबारा हजारांचा. एवढ्यासाठी कोणी आवडती गाडी सोडू नये. मीही सोडली नाही.

मी सोडली ती टायरमुळे.

मे महिन्यात पुण्याहून निघालो होतो. सातारा, कोल्हापूर, निपाणी, आणि तिथून आंबोलीमार्गे खाली सावंतवाडी. निपाणीपर्यंत सरळ चारपदरी रस्ता, डांबर तापलेलं, मागे सौभाग्यवती आणि दोन पॅनिअर (बाजूला लावायच्या सामानाच्या पेट्या). आंबोली घाटात पहिल्याच वळणाला गाडी झुकायला तयार होईना. जरा जोर दिला तर एकदम आत पडली. दोन वळणं मला वाटलं की हवा कमी आहे. परत आल्यावर टायरवाल्याकडे गेलो. त्याने काही न बोलता स्टीलची पट्टी मागच्या टायरवर आडवी ठेवली. मधे तळहाताएवढा भाग पट्टीला सपाट चिकटलेला, आणि तो संपतो तिथे दोन्ही बाजूंना धार आलेली. कडेला तर नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून शाबूत होते. टायर मधून संपला होता आणि कडेने कोरा होता. सत्याऐंशीशे किलोमीटर झाले होते त्याचे.

स्पोर्ट टूरिंगचा चांगला टायर बहुधा दोन रबरांचा असतो, मधे कडक आणि कडेला मऊ, नेमकं हे टाळण्यासाठी. पण २३९ किलोची गाडी, वर दोन माणसं, सामान आणि इंजिनची १४२ पीएस ताकद, हे सगळं त्या मधल्या पट्ट्यावरच येतं. आपल्याकडे सरळ रस्ते जास्त, घाट थोडे. मागचा १९०/५० मापाचा टायर आजच्या दराने साधारण २२ हजारांना पडतो आणि मला नऊ हजार किलोमीटर पुरायचा. पुढचा १५ हजार रुपयांचा, तो १५ हजार किलोमीटर चालायचा. दोन्ही मिळून किलोमीटरला जवळजवळ साडेतीन रुपये. म्हणजे पेट्रोलच्या निम्म्याहून जास्त नुसतं रबर. ६६०चा मागचा तेरा हजार किलोमीटरपर्यंत जातो, पुढचा अठरा, आणि दोन्हींचा हिशोब सव्वादोन रुपयांच्या जरा वर बसतो. पेट्रोलचा फरक आपण पंपावर दर आठवड्याला बघतो म्हणून तो लक्षात राहतो. हा मात्र एका दिवशी एकदम समोर उभा राहतो, आणि तोही बरोबर मोठ्या ट्रिपच्या आधी.

मग काय व्हायचं ते सांगतो, कारण खरी अडचण तीच होती. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी रविवारची राइड टाळतोय. मित्र पहाटे ताम्हिणीला निघायचे आणि मी मनात म्हणायचो, मागचा टायर अजून तीन हजार काढेल, हंपीला जायचंय, राहू दे. गाडी पार्किंगमध्ये, तिच्यावर कव्हर, आणि मी घरी. पैसे नव्हते अशातला भाग नाही. पण प्रत्येक किलोमीटर खर्चताना हात आखडत होता. ज्या गाडीवर बसायला मन मोकळं नाही ती कितीही देखणी असली तरी माझ्या कामाची नाही. आज ६६० घेऊन नुसतं वाईला मिसळ खायला जातो आणि टायरकडे बघतही नाही.

गाडी पडून होणाऱ्या नुकसानीचा माझा मुद्दा तुम्ही प्रतिक्रियेत पुढे "नीट चालवा" म्हणून उडवून लावलात. मी नीटच चालवत होतो. गाडी पडली ती उभी असताना, खंबाटकीच्या अलीकडे एका टपरीसमोर, खडीवर पाय सरकला म्हणून. क्लच लिव्हर, इंडिकेटर आणि डाव्या बाजूचं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण. भाग यायला सात आठवडे लागले. विम्याचा दावा केला नाही, कारण सलग तीन वर्षं दावा नसल्याने ३५ टक्के नो क्लेम बोनस जमला होता आणि दावा केला की तो शून्यावर येतो. खिशातून भरणं स्वस्त पडलं. थर्ड पार्टीचा हप्ता ३५० सीसीच्या वर सगळ्यांना सारखाच, तिथे ६६० आणि १००० मध्ये काडीचा फरक नाही. फरक गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आहे आणि तो किमतीच्या मागे धावतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के झाला (आधी सेस धरून ३१ होता), म्हणजे नवीन घेणाऱ्याला हा बोजा किंमत आणि विमा दोन्हीकडून.

आता घसारा. इथे तुम्ही माझी चूक पकडलीत. शोरूमची किंमत ९ लाख ९८ हजार होती, नोंदणी-विमा धरून रस्त्यावर यायला साडेअकरा लागले. साडेचार वर्षांनी ६ लाख ४० हजारांना गेली. ५ लाख १० हजार गेले, ३८ हजार किलोमीटरमध्ये. किलोमीटरला तेरा रुपयांहून जास्त! पेट्रोल आणि टायर मिळूनही एवढं होत नाही. एवढी मोठी ओळ तक्त्यात नसणं ही गंभीर चूक होती. मनापासून आभार.

पण या घसाऱ्यावरून तुम्ही प्रतिक्रियेत पुढे जो निष्कर्ष काढलात, की मग सरळ सेकंडहँड लिटर क्लास घ्यावी आणि विषय मिटवावा, तिथे थांबा. घसारा आधीच्या मालकाने भरलेला असतो हे खरं. पण जुनी गाडी अर्ध्या किमतीत मिळते, टायर अर्ध्या किमतीत मिळत नाही. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, चार लिटर सिंथेटिक ऑइल, सगळं नव्या गाडीच्याच भावाने. शिवाय वाल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनातल्या वाल्व्हची फट तपासणं. चार सिलिंडर, सोळा वाल्व्ह, आणि तिथे पोचायला फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स सगळं उतरवायचं. दिवस जातो आणि मजुरीही तशीच. वाल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि फट कमी होते, त्यामुळे टकटक आवाज येत नाही, उलट इंजिन जास्तच शांत वाटतं. म्हणून विकणारा "इंजिन एकदम स्मूथ" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण गॅप तपासल्याचा कागद मागाच.

लिटर क्लासची बाजूही मी मनापासून घेतो. सहाव्या गिअरमध्ये, मागे माणूस बसवून, नुसता थ्रॉटल उघडून ट्रकच्या पुढे जाणं आणि हाताला अजिबात झिणझिण्या नाहीत, हे सुख ६६०वर तेवढं नाही. पण आपल्याकडे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. ते १४२ पीएस वापरायचे कुठे, हा प्रश्न मला जुन्या हायवेने खंडाळा चढताना दर वेळी पडायचा.

तुम्ही वर्षाला तीन हजार किलोमीटर चालवता असं प्रतिक्रियेच्या खाली लिहिलं आहे. मग तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येतं. तुमचा टायर झिजायच्या आधी वयाने कडक होईल, पेट्रोल आणि टायरमधला फरक वर्षाला सात-आठ हजारांच्या पुढे जाणार नाही. मन लिटरवर असेल तर जरूर घ्या. माझा लेख वर्षाला दहा-बारा हजार फिरणाऱ्यांसाठी होता आणि तसं मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. आज ते वाक्य घातलं आहे आणि तक्त्यात घसाऱ्याची ओळही.

कोल्हापूरची जी २०१८ची निन्जा बघायला जाणार आहात, तिच्या टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. आणि सोबत एक स्टीलची पट्टी न्या.