सिलिकॉनच्या आधीचे खोरे

वाशीच्या मसाला बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानांतून वाळवलेल्या आलुबुखाराची, म्हणजे प्रूनची, जी पाकिटे मिळतात त्यांवर पुष्कळदा कॅलिफोर्नियाचे नाव असते. ही फळे आता मुख्यतः सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात पिकतात. ज्या खोऱ्यात हा धंदा प्रथम उभा राहिला, ते सांता क्लारा खोरे आज सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखले जाते. माझा मुलगा तिथे सनीव्हेलला नोकरी करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे राहून आल्यापासून याविषयी लिहायचे मनात होते, कारण नवी मुंबईत त्या खोऱ्याचे नाव नेहमी आदर्श म्हणून घेतले जाते आणि तिथे आधी काय होते, हे कोणी विचारत नाही.

१८५६ मध्ये पेलिए या फ्रेंच भावांनी फ्रान्सच्या आजाँ भागातल्या आलुबुखाराच्या फांद्या या खोऱ्यातल्या सॅन होजेला आणून कलमे बांधली. पुढे रेल्वे आली, फळे डबाबंद करण्याचे कारखाने निघाले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे खोरे जगातल्या सर्वांत मोठ्या फळ-प्रदेशांत गणले जाऊ लागले. वसंतात झाडे फुलली की लोक केवळ बहर पाहायला येत; साराटोगा गावात १९०० पासून त्याचा उत्सव होत असे. उन्हाळ्यात जर्दाळू चिरून, बिया काढून लाकडी ट्रेवर उन्हात मांडायचे काम बायका आणि शाळकरी मुले करीत. आपल्या अंगणातले वाळवण डोळ्यांसमोर आणा आणि ते दूरवर पसरलेले आहे अशी कल्पना करा. त्या काळाचे मला सरसकट कौतुक करायचे नाही. या बागांत राबणाऱ्या जपानी स्थलांतरितांना १९१३ च्या कायद्याने जमीन विकत घेण्यास मनाई होती, आणि १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, त्यांना मुलाबाळांसह नजरकैदेच्या छावण्यांत धाडण्यात आले.

मग बागा गेल्या कशा? जमीन तर फार सुपीक होती. १९५० ते १९६९ या काळात सॅन होजेचे प्रशासक असलेल्या डच हॅमन यांनी शहराची हद्द झपाट्याने वाढवत नेली आणि वीस वर्षांत तिथली लोकवस्ती सुमारे ९५ हजारांवरून साडेचार लाखांच्या आसपास पोहोचली. हद्दीच्या पट्ट्या रस्त्यांच्या कडेने बागांमध्ये शिरल्या. शेजारची बाग विकली गेली की उरलेल्या बागेवरचा कर घरबांधणीच्या भावाने आकारला जाई, आणि फळांच्या उत्पन्नातून तो भरणे शेतकऱ्याला शक्य नसे. शेतजमिनीला करसवलत देणारा विल्यमसन कायदा १९६५ मध्ये आला, तोवर असंख्य झाडे उपटली गेली होती. माझ्या मते या खोऱ्याच्या इतिहासातली सर्वांत वाईट गोष्ट हा उशीर आहे. उद्योग येण्याला माझी हरकत नाही, माझ्या मुलाचे घर त्यावरच चालते.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोष बागांकडेही जातो. सुरुवातीला तिथल्या विहिरींचे पाणी आपोआप वर उसळत असे. नंतर बागांनी आणि वाढत्या शहराने मिळून इतका उपसा केला की सॅन होजेच्या मध्यवस्तीतली जमीन सुमारे १३ फूट खचली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या टोकाला असलेले अल्व्हिसो हे गाव आता समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बांधांच्या आधाराने टिकून आहे. त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा मिठागरे आणि चिखलाचा वास यांमुळे मला ठाणे खाडीचा काठ आठवला. उधाणाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखणाऱ्या घरात मी वाढलो आहे, त्यामुळे तिथून माझा पाय लवकर निघेना.

सनीव्हेलच्या नगरपालिकेने जर्दाळूची एक छोटी बाग राखली आहे. ती पाहून बरे वाटते, पण तेवढ्याने शेती राहिली असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. आता नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या, नियोजनासाठी अधिसूचित केलेल्या ‘नैना’ क्षेत्रात भूखंडांची आखणी चालू आहे आणि तिथे अजून भाताची खाचरे आहेत. ज्यांना शेती करायची आहे त्यांच्या जमिनी सलग पट्ट्यात राखाव्यात, त्यांवरचा कर शेतीच्या उत्पन्नानुसारच ठरवावा, आणि हे सारे आराखड्यात रस्ते आखले जाण्यापूर्वी लिहिले जावे, अशी माझी मागणी आहे.